डायलचा फोन चालता ठेवताना

अमळनेरच्या आमच्या घरी बैठकीत बेकलाइटचा काळा, डायलचा टेलिफोन आहे आणि तो चालू आहे. यातला दुसरा भाग मला प्रत्येक पाहुण्याला मुद्दाम सांगावा लागतो, कारण असा फोन म्हणजे शोभेची वस्तू, अशी आता सर्वांची समजूत झालेली आहे. माझे मत याच्या उलट आहे. जुना फोन घरात ठेवायचा असेल तर तो चालता ठेवावा. नुसता पुसून मांडून ठेवला तर काही वर्षांत तो आतून निकामी होतो, कारण या यंत्राचे बहुतेक आजार वापराने नव्हे तर पडून राहण्याने होतात. डायलच्या आतले वंगण सुकते, विजेच्या संपर्कबिंदूंवर काळा थर धरतो, बोलण्याच्या बाजूच्या कोळशाच्या कणांची ढेप होते, आणि आमच्या खान्देशात उन्हाळाभर उडणारी बारीक धूळ मिळेल त्या फटीतून शिरून या सगळ्यावर बसते. रोज दोन-तीन नंबर फिरवले तर यातले बरेचसे आपोआप टळते.

आमचा फोन बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने बनवलेला आहे. ही सरकारी कंपनी 1948 साली सुरू झाली आणि पुढची कित्येक दशके देशातल्या घरांत आणि कचेऱ्यांत तिचीच यंत्रे दिसत. त्या काळात यंत्र टेलिफोन खात्याचे असे, आपण फक्त भाडे भरायचे, आणि अर्ज केल्यापासून जोडणी मिळेपर्यंत अनेकांची वर्षे जात. इतक्या सायासाने आलेला फोन कोणीही फुकट वापरू नये म्हणून माझ्या आजोबांनी आडतीवरच्या फोनला कुलूप लावलेले होते. आज ते कुलूप पाहिलेली पिढी पन्नाशीच्या पुढे गेली आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ते कुलूप नेहमी एकच्या भोकात अडकवत. डायल फिरवताना बोट ज्या धातूच्या थांब्यापाशी अडते, त्याला सर्वांत जवळचे भोक एकचे असते. तिथे कुलूप बसले की डायल एका घराच्या पुढे सरकत नाही आणि दोनपासून शून्यापर्यंतचा कोणताही आकडा फिरवता येत नाही. तेच कुलूप तीनच्या भोकात लावले तर एक आणि दोन मोकळे राहतात. पण कुलूप डायलला असते, रिसीव्हरखालच्या हुकाला नसते, ही गोष्ट आडतीवरच्या दिवाणजींपासून हमालांपर्यंत सर्वांना ठाऊक होती. रिसीव्हर उचलून तो हुक बोटाने झटपट आणि एका लयीत दाबला की नंबर लागे: चारसाठी चार टिचक्या, शून्यासाठी दहा, आणि प्रत्येक आकड्यानंतर क्षणभर थांबायचे.

हा चोरमार्ग का चालतो हे समजले की डायलचे सगळे तंत्र समजते. फोन ठेवलेला असताना लाइनवर साधारण 48 ते 50 व्होल्टचा एकदिश दाब असतो, पण प्रवाह वाहत नाही. रिसीव्हर उचलला की हुकाचे संपर्क जुळतात, प्रवाह सुरू होतो आणि एक्सचेंजला कळते की ग्राहक आला आहे. डायल आपण उजवीकडे फिरवतो तेव्हा काहीही घडत नाही, फक्त आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. खरे काम डायल परत येताना होते, कारण त्या वेळी एक लहान चकती संपर्क उघडते आणि मिटते आणि जेवढा आकडा तेवढ्या वेळा प्रवाह तुटतो. एक म्हणजे एक तुटणे, नऊ म्हणजे नऊ, आणि शून्य म्हणजे शून्य नव्हे तर दहा. हुक दाबूनही नेमका हाच प्रवाह तुटत असल्यामुळे एक्सचेंजला डायल आणि बोट यांतला फरक कळत नाही. जळगावचा 0257 हा संकेतांक फिरवला तर लाइन 24 वेळा तुटते. आमच्या अमळनेरचा 02587 फिरवताना ती 32 वेळा तुटते, म्हणजे डायलच्या हिशेबाने आम्हाला फोन लावणे जळगावकरांना लावण्यापेक्षा थोडे कष्टाचेच आहे.

या तुटण्या मोजून पुढची जोडणी करणारे स्वयंचलित एक्सचेंज ही अमेरिकेतल्या अल्मन स्ट्रौजर या गृहस्थाची कल्पना. त्याचा व्यवसाय अंत्यसंस्काराचा होता आणि त्याला या यंत्राचे पेटंट 1891 साली मिळाले. भारतात पहिले स्वयंचलित एक्सचेंज 1913-14 च्या सुमारास सिमल्याला बसले. ऑपरेटरला न विचारता परगावचा नंबर थेट फिरवण्याची सोय, म्हणजे एसटीडी, 1960 साली कानपूर आणि लखनौ या शहरांमध्ये प्रथम सुरू झाली. आपल्याकडच्या लहान गावांत तिला पोहोचायला पुढे बराच काळ लागला आणि तोवर ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहणे हाच मार्ग होता.

आता देखभालीकडे वळतो. सर्वांत महत्त्वाचा भाग डायलचा वेग. सेकंदाला दहा तुटण्या हे प्रमाण आहे, आणि प्रत्येक तुटणीत साधारण दोन भाग वेळ संपर्क उघडा आणि एक भाग मिटलेला असावा लागतो. हा वेग राखण्यासाठी डायलच्या मागे एक गव्हर्नर असतो. त्याची दोन इवलीशी वजने फिरताना बाहेर फेकली जातात, कडेला घासतात आणि डायलला वेगाने पळू देत नाहीत. वंगण घट्ट झाले किंवा धूळ बसली की डायल रेंगाळत परत येतो आणि सातच्या जागी भलताच आकडा लागतो. वेग तपासण्यासाठी खास यंत्र लागत नाही. मोबाइल डायलजवळ ठेवून आवाज ध्वनिमुद्रित करावा, शून्य फिरवून सोडावा आणि कोणत्याही ध्वनिसंपादनाच्या अ‍ॅपमध्ये ती लहर पडद्यावर पाहावी. दहा टोके मोजता येतात आणि ती एका सेकंदात बसतात की नाही हे स्पष्ट दिसते. डोळ्यांनी पाहायचे तर शून्य सोडल्यापासून डायल थांबेपर्यंत एका सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागावा. दीड-दोन सेकंद लागत असतील तर डायल उघडण्याची वेळ झाली आहे.

डायल उघडण्याआधी लाइन काढून ठेवावी, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो. घंटा वाजताना लाइनवर 75 व्होल्टच्या आसपास उलटसुलट दाब येतो, आणि नेमके आपले बोट आत असताना कोणाचा तरी फोन येतो. एरवीच्या 48 व्होल्टचा फारसा त्रास होत नाही, पण घंटेचा झटका चांगलाच बसतो.

आमच्या गल्लीत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक मेकॅनिक राहतात. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. गव्हर्नरला तेल किती द्यावे, या प्रश्नावर त्यांचे उत्तर ठरलेले असते: “जास्ती तेल नको टाकू रे भाऊ, धूय बठस त्यानावर.” म्हणजे त्यावर धूळ बसते. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत कोरड्या असणाऱ्या आपल्या मुलखासाठी याहून नेमका सल्ला मला कोणत्याही पुस्तकात मिळालेला नाही. आधी जुने वंगण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक कुंचला वापरून काढावे, मग घड्याळाचे पातळ तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त आसांच्या टोकांना लावावे. गव्हर्नरची वजने जिथे घासतात ती कडा पूर्ण कोरडी राहिली पाहिजे. तिथे तेल गेले तर घर्षण संपते आणि डायल सुसाट परत येतो, म्हणजे आजार उलट्या बाजूने सुरू होतो. दाराच्या बिजागऱ्यांसाठी मिळणारे फवारे येथे अजिबात मारू नयेत, कारण ते सगळीकडे पसरतात, थोड्या दिवसांत चिकट होतात आणि धुळीला आमंत्रण देतात. संपर्कबिंदूंना पॉलिश पेपर लावणे हाही आपल्याकडचा आवडता अत्याचार आहे. साध्या कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये किंचित ओली करावी, मिटलेल्या संपर्कांतून हळूच ओढून काढावी, आणि ती स्वच्छ निघेपर्यंत हेच पुन्हा करावे. एवढे पुरेसे आहे.

बोलण्याच्या बाजूची चकती हा या फोनचा सर्वांत मजेशीर भाग. तिच्यात कोळशाचे बारीक कण भरलेले असतात आणि समोर एक पातळ पडदा असतो. आपल्या आवाजाने पडदा दाबला गेला की कण एकमेकांना चिकटून बसतात आणि त्यांतून जास्त प्रवाह वाहतो, पडदा सैल झाला की कमी वाहतो. या साध्या युक्तीने आवाजाची वीज होते, आणि तीही एवढ्या जोराची की मधे कोणतेही वर्धक यंत्र न ठेवता ती दूरवर जात असे. दोष एवढाच की पावसाळ्यात कणांना ओल धरते आणि फोन बराच काळ एकाच स्थितीत पडून राहिला की ते गच्च बसतात. मग पलीकडच्याला आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. जुने लोक रिसीव्हर तळहातावर आपटून मग बोलायला लागत, त्याला आपण सवय म्हणत होतो, पण ती खरोखरची दुरुस्ती होती. तळहातावर दोन-तीन हलक्या टपल्या मारल्या की कण मोकळे होतात. त्यानेही भागले नाही तर त्याच मापाच्या डबीत बसवलेले आधुनिक मायक्रोफोन मिळतात. आवाज त्यांचा अधिक स्वच्छ असतो हे मान्य करूनही मी मूळ कोळशाची चकतीच ठेवली आहे, कारण तिच्यातून येणारी किंचित खरखर हाच या फोनचा स्वर आहे असे मला वाटते. आवाज नीट हवा असेल त्याने चकती बदलावी, त्यात काही पाप नाही.

घंटेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ती सहसा बिघडत नाही. दोन पितळी वाट्या, मधे एक लोळी आणि मागे विद्युतचुंबक. आवाज बसका येत असेल तर वाटीचा स्क्रू थोडा सैल करून ती किंचित फिरवावी. वाटीचे भोक मध्यापासून जरा बाजूला असते, त्यामुळे फिरवल्याने ती लोळीच्या जवळ किंवा दूर जाते. घंटेच्या मार्गात सुमारे दोन मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर असतो, त्याच्याकडे मात्र लक्ष द्यावे. तो एकदिश प्रवाह अडवतो आणि घंटेचा उलटसुलट प्रवाह जाऊ देतो. जुने कागदी कंडेन्सर कालांतराने गळू लागतात आणि फोन ठेवलेला असतानाही प्रवाह वाहत राहिल्यामुळे एक्सचेंजला रिसीव्हर उचललेला आहे असे वाटते. फोन सतत एंगेज लागत असेल आणि हुक ठीक असेल तर पहिला संशय याच्यावर घ्यावा. तेवढ्याच क्षमतेचा, निदान 250 व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर इलेक्ट्रॉनिक सामानाच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये तर असल्या सुट्या भागांसाठी फार फिरावेही लागत नाही.

बाहेरच्या अंगाला बेकलाइटइतकी सोशिक वस्तू दुसरी नाही. लिओ बेकलंड यांनी 1907 साली शोधलेले हे प्लॅस्टिक एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला तरी त्याला काही होत नाही. ऊन थेट पडत राहिले तर चकाकी जाते आणि जमिनीवर पडले तर ते तडकते, म्हणून खिडकीचा कट्टा आणि टेबलाची कड या दोन जागा टाळाव्यात. पुसायला सुती कापड आणि सौम्य साबणाचे अगदी थोडे पाणी पुरे. आपला उन्हाळा सोसत नाही ती वायर. प्लॅस्टिकच्या गुंडाळीदार वायरी उष्णतेने आणि वयाने चिकट होतात आणि ज्या लाकडावर टेकल्या असतील तिथे कायमचा डाग पाडतात. फोनच्या खालचे रबरी पायही तसेच विरघळून टेबलाला चिकटतात. दोन्ही बदलून घ्यावेत, हट्टाने जपू नयेत. वर्षातून एकदा तळाचा पत्रा काढून आत पाहावे, कारण फोनच्या पोटात पालीने अंडी घालणे ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही.

खरा प्रश्न आता यंत्राचा राहिलेला नाही, लाइनचा आहे. तांब्याच्या जोडवायरी जाऊन फायबर आले आणि घरात भिंतीवर एक पेटी बसली. लँडलाइन फोन त्या पेटीच्या मागच्या खाचेत लावायचा असतो. या पेटीने डायल टोन दिला आणि घंटाही वाजवली तरी ती डायलच्या तुटण्या मोजेलच असे नाही, कारण ती बनवणाऱ्याने बटणांच्या फोनचे सूर ओळखण्यापुरतीच सोय केलेली असू शकते. त्यामुळे फोन घेण्यापूर्वी किंवा जोडणी बदलण्यापूर्वी कोणाकडून तरी डायलचा फोन मागून आणावा, पेटीला लावावा आणि त्यावरून स्वतःचाच मोबाइल नंबर फिरवून पाहावा. मोबाइल वाजला तर प्रश्नच मिटला. वाजला नाही तर फोन आणि पेटी यांच्या मधे बसणारा, तुटण्या मोजून त्यांचे सूर करणारा लहान कन्व्हर्टर घ्यावा लागतो. आमच्या घरी तोच आहे. लँडलाइन नसलेल्यांसाठी ब्लूटूथने मोबाइलशी जुळणारे डबेही मिळतात. त्यांत जुना फोन लावला की मोबाइलवर येणारा कॉल या घंटेवर वाजतो. विकत घेताना तो डबा डायल ओळखतो आणि जुनी विद्युतचुंबकी घंटा वाजवण्याइतकी ताकद ठेवतो, या दोन्ही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात.

फायबरमुळे एक गोष्ट गमावली आणि एक मिळाली. तांब्याच्या लाइनवर फोनला लागणारी वीज एक्सचेंजच्या बॅटऱ्यांतून येत असे, म्हणून भारनियमनात गाव अंधारात असले तरी फोन वाजत असे. आता भिंतीवरच्या पेटीची वीज गेली की फोनही गेला. उपाय म्हणून ती पेटी इन्व्हर्टरवर घ्यावी किंवा तिच्यासाठी वेगळा छोटा यूपीएस ठेवावा. याच्या उलट, वळवाच्या पावसात खांबावर पडलेली वीज तांब्याच्या तारेतून थेट घरातल्या फोनपर्यंत येण्याची भीती होती, ती काचेच्या तंतूने संपवली. पेटीच्या अ‍ॅडॅप्टरमधून येणारा झटका मात्र शिल्लक आहे, म्हणून गडगडाट सुरू झाला की प्लग काढण्याची सवय सोडू नये.

रोजच्या वापरात सवयीचे म्हणावे असे दोन-तीनच मुद्दे आहेत. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य जोडावा लागतो, म्हणजे अकरा आकडे. सरासरीने पाहता एका मोबाइल नंबरला लाइन साठ-सत्तर वेळा तुटते आणि डायल परत येण्याचा वेळ धरून एकूण पंधरा-वीस सेकंद जातात. मधे फार रेंगाळू नये, कारण दोन आकड्यांत जास्त अंतर पडले की एक्सचेंज नंबर अपुरा समजून सोडून देते. बोट थांब्यापर्यंत पूर्ण नेऊन डायल मोकळा सोडावा. बोटाने ढकलत परत आणला तर गव्हर्नरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. कन्व्हर्टर नसेल तर ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणाऱ्या यंत्रांपुढे हा फोन निरुत्तर होतो, कारण त्यांना सूर हवा असतो आणि याच्याकडे फक्त तुटणे आहे. त्यावर तोडगा असा की मोबाइलवर बटणांचे सूर वाजवणारे अ‍ॅप उघडावे, मोबाइल बोलण्याच्या चकतीजवळ धरावा आणि हवा तो आकडा दाबावा. गॅसची नोंदणी अशी होते. हे पाहणाऱ्याला वेडेपणा वाटतो आणि तो थोडासा आहेही.

ज्यांना असा फोन विकत घ्यायचा आहे त्यांनी आधी नकलांपासून सावध राहावे. पितळेचे चकचकीत, संस्थानिकांच्या दिवाणखान्यात शोभतील असे जे फोन विकले जातात, त्यांतल्या अनेकांत डायल फिरतच नाही आणि भोकांच्या तळाशी बटणे असतात. रेल्वेच्या भंगारातून येणारे हातदांड्याचे मॅग्नेटो फोन अस्सल असतात, देखणेही असतात, पण ते फाटकावरून स्टेशनला बोलण्यासाठी केलेले असल्यामुळे त्यांना डायलच नसतो आणि घरच्या लाइनवर ते निरुपयोगी आहेत. दुकानात फोन हातात घ्यावा, वजन पाहावे, शून्य फिरवून सोडावा आणि कान देऊन ऐकावे. घरघर एकसारखी हवी, मधेच अडखळता कामा नये. हुक दाबून तो पूर्ण वर येतो का पाहावे. मग दुकानदाराकडून पेचकस मागून तळ उघडावा आणि आत घंटेच्या दोन्ही वाट्या, कंडेन्सर आणि सगळ्या वायरी जागेवर आहेत का ते तपासावे, कारण तांब्यासाठी आतले कॉइल काढून घेऊन रिकामे खोके विकण्याचा धंदा चालतो. दुकानदार तळ उघडू देत नसेल तर फोन परत ठेवून निघावे.